शाहू मिलच्या जुन्या शेडमध्ये आधुनिक कलेचे संग्रहालय शोभेल का?

रंकाळाकाठ (प्रश्न):
राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये स्थापन केलेली कोल्हापूरची शाहू मिल ही कापडगिरणी २००३ पासून बंद आहे. तेथे महाराजांचे स्मारक व्हावे ही मागणी जुनीच आहे. माझी शंका एवढीच की, त्याच आवारात आधुनिक कलेचे संग्रहालयही करायचे झाल्यास गिरणीची इमारत त्याला साथ देईल का? परदेशातील प्रयोगांतून आपल्याला काय घेण्यासारखे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कोटितीर्थकर:
लंडनचे टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचे संग्रहालय सर्वांच्या तोंडी असते, आणि ते रास्तही आहे. थेम्सकाठचे बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद पडले आणि २००० मध्ये तेथे संग्रहालय उघडले. हर्झॉग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांनी चिमणीला हात लावला नाही आणि यंत्रे काढल्यावर उरलेले, सुमारे ३५ मीटर उंच व १५२ मीटर लांब टर्बाइन दालन तसेच मोकळे ठेवले. खरा शहाणपणा यातच आहे, कारण २००३ मध्ये कलावंत ओलाफुर एलियासन यांनी तेथे मांडलेला कृत्रिम सूर्य आणि छतावरच्या आरशांतले आपले प्रतिबिंब पाहायला लोक चक्क फरशीवर उताणे पडत. आपल्याकडे मोठी शेड मिळाली की आधी पार्टिशन घालण्याची घाई होते.

जलरंग:
मोठ्या कलाकृतींपुरते आपले म्हणणे मान्य आहे. पण कोल्हापुरात संग्रहालय म्हटले की पहिली मागणी येथील जुने चित्रकार अबालाल रहिमान यांच्या जलरंगांतील चित्रांची होणार, आणि अडचण तेथेच आहे. गिरण्यांची करवती (करवतीच्या दातांसारखी) छपरे उत्तरेकडचा उजेड आत घेतात, त्यामुळे मागावर थेट ऊन येत नाही. शिल्पांना तो उजेड उत्तम, पण कागदावरील चित्रांसाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक), म्हणजे मंद उजेडाची मर्यादा पाळतात. शिवाय आपला पावसाळा! कागदाला बुरशी धरायला तेवढी ओल पुरते. तेव्हा अशा चित्रांसाठी शेडच्या आत आर्द्रता नियंत्रित असलेली बंदिस्त खोली बांधावी लागेल आणि तिचे वीजबिल उद्घाटनानंतरही दर महिन्याला भरावे लागेल.

रंकाळाकाठ:
दोघांचेही आभार. मग गिरणीतील यंत्रांचे काय करावे?

कोटितीर्थकर:
शक्य तेवढी जागेवरच ठेवावीत. रोमच्या सेंत्राले मोंतेमार्तिनी या जुन्या वीजकेंद्रात १९९७ पासून काळ्याशार डिझेल इंजिनांशेजारी प्राचीन संगमरवरी मूर्ती उभ्या आहेत आणि दोन्ही एकमेकांना उठाव देतात. बाबूराव पेंटर यांनी चित्रे काढली, मूर्ती घडवल्या आणि स्वदेशी कॅमेराही बनवला. त्यांच्या गावात तरी यंत्राला कलादालनाबाहेर काढू नये.