खरड छाटणीनंतर सीसीसी आणि फळछाटणीनंतर जीए: एकाच द्राक्षवेलीला दोन उलट औषधे का?

प्रश्न (बागायतदार, निफाड):
नमस्कार मंडळी. आमची थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाची बाग असून आता तिची सर्व व्यवस्था मी पाहतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्या वाढाव्यात म्हणून केलेली छाटणी) पाच पानांच्या अवस्थेत वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, फवारण्याची आमच्याकडे पद्धत आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर (घड यावेत म्हणून केलेली छाटणी) मात्र त्याच वेलीचे घड जीए, म्हणजे जिब्रेलिक आम्ल, याच्या द्रावणात बुडवले जातात. पहिले औषध वाढ रोखते, दुसरे वाढ करवते, एवढे समजते. पण वेलीच्या आत नेमके काय घडते? शिवाय यंदा माल युरोपला पाठवायचा विचार असल्याने सीसीसी वापरावे की टाळावे, याविषयीही मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (वनस्पतिशास्त्र शिक्षक, पुणे):
आपण ज्यांना दोन उलट औषधे म्हणता, ती दोन्ही एकाच संजीवकाभोवती (वनस्पतीची वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्याभोवती) फिरतात आणि ते संजीवक म्हणजे जिब्रेलिन. भाताची रोपे अवाजवी उंच वाढून कोलमडतात, अशा एका बुरशीजन्य रोगाचा अभ्यास तैवानमध्ये करताना एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले की, ही वाढ बुरशी स्वतः नव्हे, तर तिच्यातून स्रवणारा पदार्थ घडवून आणतो. पुढे जपानमध्ये तेइजिरो याबुता यांनी त्याला जिब्रेलिन हे नाव दिले आणि १९३८ मध्ये तो स्फटिकरूपात वेगळा केला. रोगकारक बुरशीचा हा स्राव नंतर वेलीही स्वतः तयार करतात असे आढळले, ही मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आता आपल्या वेलीकडे येऊ. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या वेळी डोळ्यात जो कोवळा गोळा असतो, त्याचा घड होणार की बाळी (वेलीला आधार धरणारा तणावा), हे अजून ठरलेले नसते. जिब्रेलिन जास्त असेल तर तो बाळीकडे झुकतो आणि सायटोकायनिन या दुसऱ्या संजीवकाचे पारडे जड असेल तर घडाकडे. याचा एक फार सुंदर पुरावा ऑस्ट्रेलियातील पॉल बॉस आणि मार्क थॉमस यांनी २००२ मध्ये मांडला: पिनो म्युनिए या द्राक्षाच्या बाहेरच्या पेशीथरापासून त्यांनी जे बुटके वेल वाढवले, त्यांना जिब्रेलिनचा संदेश पोहोचत नव्हता आणि त्यांच्यावर बाळ्यांच्या जागी घड आले. सीसीसी वेलीतील जिब्रेलिन तयार होण्याच्या साखळीचा अगदी सुरुवातीचा टप्पा अडवते. त्यामुळे शेंडा मंदावतो, पेरे आखूड राहतात आणि डोळा घडाकडे वळण्यास मदत होते.

फळछाटणीनंतर घड ठरलेलाच असतो आणि प्रश्न मण्याचा उरतो. बियांच्या द्राक्षात वाढणारे बी स्वतः जिब्रेलिन पुरवते. थॉमसनमध्ये मात्र बी सुरुवातीलाच खुरटते, म्हणून मणी लहान राहतो. जीएने ती उणीव आपण बाहेरून भरून काढतो. घड मोकळा होणे आणि मणी फुगणे ही कामे यातूनच होतात.

उत्तर २ (निर्यातक्षम बागांचे सल्लागार, नाशिक):
वरील विवेचन उत्तम आहे. निर्यातीच्या बाबतीत मात्र सीसीसी टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१० च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश तिथल्या ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो या मर्यादेहून जास्त आढळला, माल अडकला आणि अनेक बागायतदार त्यात भरडले गेले. त्या वेळी निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. हे रसायन पाण्यात सहज विरघळते व वेलीत सर्वत्र फिरते, त्यामुळे एप्रिलमध्ये मारलेले औषध फळात येणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. युरोपातील नासपतीच्या झाडांत फवारणी थांबवल्यानंतरही त्याचे अंश फळांत मिळाले आहेत. कीटकनाशकांच्या नेहमीच्या एकत्रित तपासणीत ते पकडले जात नाही, म्हणून नमुना देताना त्याची स्वतंत्र चाचणी लेखी मागावी. वाढ रोखायला शेंडा वेळेवर मारणे, सबकेन करणे (मुख्य काडीचा शेंडा मारून बगलफुटीची उपकाडी वाढवणे), नत्र आवरणे आणि पाण्याचा ताण सांभाळणे या गोष्टी आपल्या हातात आहेत. त्यांना थोडी मजुरी जास्त लागते, पण कंटेनर परत येण्याची भीती राहत नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. सीसीसी यंदा मारणार नाही. एक शंका राहते: जीएने बाळ्या वाढत असतील, तर घड बुडवण्याचा फटका पुढील वर्षाच्या पिकाला बसतो का?

उत्तर ३ (द्राक्ष बागायतदार, तासगाव):
आपल्याकडे दुहेरी छाटणी असल्याने जीए ज्या काड्यांना लागते, त्या एप्रिलमध्ये छाटूनच टाकल्या जातात. त्यामुळे वर्षातून एकदाच छाटणी होणाऱ्या देशांइतकी ही अडचण आपल्याला जाणवत नाही. अतिरेकाचा त्रास चालू हंगामातच दिसतो. घडाचा दांडा व देठ जाड होऊन लाकडासारखे कडक होतात आणि पेटीत मणी गळतात. म्हणून मोजमाप काटेकोर असावे. १ ग्रॅम शुद्ध जीए १०० लिटर पाण्यात म्हणजे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग). ४० पीपीएमसाठी ४ ग्रॅम, पण पुडीवर ९० टक्के लिहिले असेल तर सुमारे ४.४ ग्रॅम घ्यावे लागतात. भुकटी थेट पाण्यात विरघळत नाही, ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवून मग टाकीत सोडावी. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर सामू (पीएच) मोजावा आणि सायट्रिक आम्लाने तो ५.५ ते ६.५ च्या दरम्यान आणावा, कारण अल्कधर्मी पाण्यात जीए टिकतही नाही व शोषलेही कमी जाते. घड बुडवल्यावर हलकेच झटकावा, म्हणजे तळाच्या मण्यांवर थेंब साचून राहत नाहीत.