अनुभव धागा: धावणाऱ्यांनो, तुमचं दुखणं आणि त्यातून परतणं

पावसाळा सरत आला की ठाण्यात उपवन तलावाभोवती पहाटे गर्दी वाढते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू होते. आणि दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ग्रुपमधले दोन-तीन चेहरे दिसेनासे होतात. चौकशी केली की कळतं: गुडघा, नडगी, टाच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यात मीही होते, म्हणून हा धागा. काय झालं, कशाने झालं असं वाटतं आणि परत धावायला किती दिवस लागले, एवढं लिहा. गोळ्यांची नावं नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. वय ४१, राहणार मानपाडा. आठवड्याला २० किलोमीटर होत होते. हाफ मॅरेथॉन पळायची म्हणून तीन आठवड्यांत ३५वर गेले, शिवाय रविवारी येऊरचा चढ. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला ठणका लागला. आधी तो पळायला लागल्यावर दहा मिनिटांत जिरायचा, म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग पळून झाल्यावरही राहू लागला, मग रात्री झोपेतही. ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, शिन स्प्लिंट्स आहे, बर्फ लाव. पण शिन स्प्लिंट्सचं दुखणं नडगीच्या कडेने वीतभर पसरलेलं असतं. माझं एका बोटाखाली मावत होतं. त्या पायावर लंगडी घातली तर पहिल्याच उडीला डोळ्यांत पाणी आलं. एक्स-रे स्वच्छ आला, ‘काही नाही, चालू ठेवा’ असं सांगण्यात आलं, आणि मी आणखी दहा दिवस पळाले. त्या दहा दिवसांचं मला अजून वाईट वाटतं. हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. आठ आठवडे पळणं बंद.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याबद्दल, दुसरा पाळीबद्दल. वजन उतरावं म्हणून मी रात्रीची पोळी सोडली होती, पहाटे उपाशीपोटी पळत होते. पाळी दोन महिने चुकली होती, ते मी ऑफिसच्या ताणावर ढकललं होतं. बायांनो, हे नीट वाचा: पुरेसं न खाता पळत राहिलं की पाळी अनियमित होते, थांबतेही, आणि हाडांची झीज भरून यायचं मंदावतं. मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

नेरूळ, पुरुष, ५२
डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू. दर वेळी बरोबर पाचव्या किलोमीटरला सुरू व्हायचं, चालायला लागलं की थांबायचं. आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरणारा जाड पट्टा. पाणी निघून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, आणि मी वर्षभर पाम बीच रोडला एकाच कडेने पळत होतो. फिजिओने कुशीवर झोपून पाय उचलायचे व्यायाम दिले, आणि पावलं आखूड करायला लावली. मिनिटाला १५८ पडायची, ती १६८वर आणली. पावलांचा वेग पाच-दहा टक्क्यांनी वाढवला की गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. दहा आठवडे लागले.

ऐरोली, स्त्री, ४६
मी शिक्षिका, दिवसभर उभी. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, चार पावलांनी सैल व्हायचं. घरात फरशीवर अनवाणी चालणं आधी बंद केलं, मऊ चप्पल घेतली. मग पायरीच्या कडेवर पायाच्या बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच सावकाश वर, सावकाश खाली, एक दिवसाआड. पहिला महिना काहीच फरक नाही. सात महिन्यांनी पूर्ण थांबलं. धीर धरा, एवढंच सांगते.

कोपरखैरणे, निवृत्त, ६३
टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिस. स्वीडनचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८मध्ये मांडलेला व्यायाम केला. जिन्याच्या पायरीवर दोन्ही पायांनी वर व्हायचं, दुखऱ्या पायावर हळूहळू खाली यायचं. गुडघा सरळ ठेवून १५चे तीन, वाकवून १५चे तीन, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला १८० होतात, ते १२ आठवडे. थोडं दुखतं, ते चालतं. नातू मोजायला बसायचा. आता सागर विहारला रोज पाच किलोमीटर होतात.

कळवा, पुरुष, २९
वर्षा मॅरेथॉनची तयारी, ओले पेव्हर ब्लॉक, घोटा मुरगळला. सूज उतरली म्हणून बाराव्या दिवशी पळालो, पुन्हा तिथेच मुरगळला. आता दात घासताना एका पायावर उभा राहतो. बर्फ लावायचा की नाही? आणि आठवड्याला अंतर दहा टक्केच वाढवायचं, हे खरं का?

धागाकर्ती
बर्फ आणि पूर्ण विश्रांती हा सल्ला अमेरिकेतले क्रीडा-डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८मध्ये रूढ केला. पुढे त्यांनीच मत बदललं. बर्फाने दुखणं दबतं, भरून येणं लवकर होत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस जपा, मग सोसेल तेवढी हालचाल करा.

दहा टक्क्यांचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्यांवर प्रयोग झाला, २००८मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी दहा टक्क्यांच्या हिशेबाने हळूहळू १३ आठवडे वाढवलं, बाकीच्यांनी आठ आठवड्यांत. दोन्हींकडे साधारण पाचातला एक जायबंदी झाला. म्हणून मी आता आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका धावेकडे बघते. गेल्या महिन्यात सर्वांत लांब दहा किलोमीटर झाले असतील, तर या रविवारी अकराच्या पुढे नाही.

खारघर, स्त्री, ३४
ताई, तुमचं वाचून आत्ता लंगडी घालून बघितली. डाव्या नडगीत एकाच जागी कळ आली. रविवारी सेंट्रल पार्कला १८ किलोमीटर आहेत, पैसे भरून झालेत.

धागाकर्ती
रविवारी जाऊ नका. उद्याच डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआयचं विचारा. आणि पाळी वेळेवर येते का, तेही त्यांना आपणहून सांगा. काय निघालं ते इथे लिहा, मी वाट बघते.