मदत हवी आहे: ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ब्रशने स्क्रब की अल्कोहोलचा रब? पाण्याची बोंब आहे

नमस्कार. मी धुळे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात ओटी सिस्टर आहे. सीझर, हर्निया, अपेंडिक्स, अशा केसेस असतात. गावात नळ पाच दिवसांआड, मेमध्ये तर टँकरच. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही.

नवे सर म्हणतात, ऑपरेशनआधी पाणी आणि औषधी साबणाने हात घासायचा स्क्रब बंद, हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, म्हणजे रब लावा. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणतात, ब्रशने दहा मिनिटं घासल्याशिवाय हात निर्जंतुक होत नाहीत, अत्तर चोळल्यासारखं चोळून काय होणार! त्यांच्यापुढे बोलायची माझी टाप नाही. पण ब्रशने माझ्या पेरांना चिरा पडल्यात. घरी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं की त्यातल्या मिठाने डोळ्यांत पाणी येतं.

आठवडाभर रब वापरला. ग्लोव्हजच्या आत रेती असल्यासारखं करकरतं, आणि रब लवकर वाळतच नाही. सर "झालं का?" म्हणतात, मग तसेच ओलसर हात ग्लोव्हजमध्ये घालते. पाणी नाही म्हणून आपण पेशंटच्या जिवाशी खेळत नाही ना?

गिरणाकाठ: ताई, मी जळगावात इन्फेक्शन कंट्रोल बघतो. आधी भीती काढून टाका. हीच तुलना फ्रान्समधल्या सहा रुग्णालयांत ४,३८७ रुग्णांवर झाली, २००२ साली ती छापून आली. ऑपरेशनच्या जागी संसर्ग रबच्या गटात २.४४ टक्के, स्क्रबच्या गटात २.४८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशीतही दोन्ही चालतात. ब्रश मात्र नकोच. कातडी सोलवटते आणि जंतू उलट जास्त झडतात. स्क्रबच करायचा तर दोन ते पाच मिनिटं पुरतात, दहा नाही. एक सांगा, रबच्या आधी हात धुता का? धुऊन पुसता का?

प्रश्नकर्ती: प्रत्येक केसआधी धुते. पुसत नाही, निर्जंतुक टॉवेल मोजकेच असतात.

गिरणाकाठ: तिथेच पाणी मुरतंय! ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होतं, मग जंतूंवर मारही कमी आणि वाळायलाही वेळ. ओटीचे कपडे घातल्यावर साध्या साबणाने हात धुवा, नखांखालची घाण काढा, कागदी टिशूने खडखडीत पुसा. मग रब. दोन थेंबांत भागत नाही, एकूण साधारण १५ मिली लागतो. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत कोपरापर्यंत हात रबने ओले राहिले पाहिजेत, आणि पूर्ण वाळल्यावरच ग्लोव्हज. ओल्या हाताने घातले तर कातडी चिडते, ग्लोव्हजला भोकंही पडू शकतात. पुढच्या केसला हाताला पावडर किंवा रक्त नसेल तर धुवायची गरज नाही, थेट रब. करकर होते ती पावडरच्या ग्लोव्हजमुळे.

भुसावळकर: एक राहिलं. रबचे कॅन ऑटोक्लेव्हच्या (वाफेने अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) खोलीत ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने बनवलेल्या रबची वाफ १७ ते १९ अंशांनाही पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. आमच्याकडे तो साठा गॅस शेगडीखालच्या कपाटात सापडला होता, चहावाल्या मावशींच्या राज्यात.

प्रश्नकर्ती: चार दिवस टिशूने पुसून रब लावतेय, झटक्यात वाळतो. मोठ्या सिस्टरनी ब्रश अजून सोडला नाही, पण काल माझी बाटली हातात घेऊन मागचं लिहिलेलं चष्मा लावून वाचत होत्या. आता एवढं सांगा, बिनपावडरचे साडेसहा नंबरचे निर्जंतुक ग्लोव्हज धुळ्यात ठोक भावात कुठे मिळतील?