लग्नाच्या वेळी काढलेली पेन्शन आणि आता अडलेली दहा वर्षे

प्रश्न (जळगाव)

येथील औद्योगिक वसाहतीतील एका चटई कारखान्यात मी २००५ ते २०११ अशी सहा वर्षे काम केले. आखाजीनंतर लग्न ठरले म्हणून राजीनामा दिला, तेव्हा कारकुनाने ‘लग्नासाठी सोडणाऱ्या मुलींना पीएफसाठी दोन महिने थांबावे लागत नाही’ असे सांगून दोन फॉर्मांवर सह्या घेतल्या. पीएफ आणि पेन्शन, दोन्हींचे पैसे आले आणि बहुतेक भांड्याकुंड्यांत गेले. २०१८ पासून दुसऱ्या कारखान्यात कंत्राटदाराकडे आहे, पण माझी सेवा आता तेव्हापासूनचीच मोजली जाते. माझ्याबरोबर लागलेल्या चुलतभावाने मध्ये कारखाना बदलला, तरी त्याची सेवा सलग धरली आहे. हा भेदभाव मानावा की माझी चूक?

प्रतिसाद (धुळे)

ताई, १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे सूत्र स्त्री-पुरुष दोघांना एकच आहे: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. मात्र ५८ व्या वर्षी मासिक पेन्शन हवी तर किमान १० वर्षांची सेवा लागते. आपण फॉर्म १० सी वर (पेन्शन खात्याच्या मागणीचा फॉर्म) पैसे मागितले, म्हणून ती सहा वर्षे संपली. त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, मागितले असते तर ती पुढे जोडली गेली असती. दोन महिने न थांबण्याची सवलत नियमातच होती, कारकुनाने खोटे सांगितले नाही. पण तिची किंमत सांगितली नाही, आणि लग्नाच्या कारणाने घाईने पैसे उचलण्याची वाट फक्त मुलींसाठीच मोकळी होती, हे मला फार खटकते.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वीज-पाणी खात्यात स्त्रिया जास्त जगतात म्हणून त्यांच्याकडून पेन्शनसाठी सुमारे १५ टक्के जादा वर्गणी कापत असत. १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. तिथे भेदभाव पगारपत्रकावर दिसत होता. आपल्याकडे तो सेवेच्या तुटलेल्या वर्षांत दडतो.

प्रतिसाद (अमळनेर)

पगाराकडेही पाहा. समान कामाला समान वेतन १९७६ पासून कायद्यात आहे, तरी एकाच यंत्रावर पुरुष ‘ऑपरेटर’ आणि बाई ‘हेल्पर’ अशी नोंद मी हिशेब लिहिताना वर्षानुवर्षे पाहिली. दहा वर्षांच्या सेवेला १४,००० पगारावर २,००० रुपये पेन्शन बसते, तर १०,५०० वर १,५००. हुद्द्याच्या एका शब्दाने दरमहा पाचशे रुपये, तेही आयुष्यभरासाठी, कमी होतात. आणि दहा वर्षे पुरी होईपर्यंत, म्हणजे २०२८ पर्यंत, कंत्राटदार बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवा. नवा काढू देऊ नका.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. आजच पगाराची चिठ्ठी काढून पाहिली. चार वर्षांपासून यंत्र मी एकटी चालवते, आणि चिठ्ठीवर ‘हेल्पर’ असेच लिहिले आहे.