निर्वासितांच्या छावण्या वीस-तीस वर्षं का चालतात? मदत कमी पडते की दुसरंच काही अडतं?

शर्वरी_वाचते

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस म्यानमारमधून बांगलादेशात पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्यांबद्दल वाचतेय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. २०२३ मधे तिथल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी महिन्याला मिळणारं १२ डॉलरचं रेशन आधी मार्चमधे १० वर आणि मग जूनमधे ८ डॉलरवर आणलं, कारण देणगीदार देशांकडून पुरेसे पैसेच आले नाहीत. ८ डॉलर म्हणजे दिवसाला २७ सेंट, त्यात दिवसभराचं सगळं जेवण. पुढे २०२४ मधे ते टप्प्याटप्प्याने परत वाढवलं हे ठीक, पण माझा प्रश्न त्याहून मूळचा आहे. ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांवर माणसं सीमा ओलांडून आली, त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी एखाद्या घरात आज डाळ शिजणार की नाही हे अजून दुसऱ्या खंडातल्या कुठल्यातरी बजेटवर ठरतंय? केनियातली दादाबची छावणी तर १९९१ पासून आहे, तिथे जन्मलेल्या मुलांना आता मुलं झालीत.

मदत कमी पडते म्हणून असं होतं, की मदतीची पद्धत चुकते, की अडतं भलतीकडेच? कुणी या क्षेत्रात काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. "जगात माणुसकी उरली नाही" एवढंच उत्तर नकोय, ते मलाही वाटतं, पण त्याने काही कळत नाही.

पाणी_आणि_गाळ

ताई, मी काही काळ कॉक्स बाजारला पाणी आणि संडासांच्या कामावर होतो, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

पहिल्या काही आठवड्यांत काय करायचं हे आता जगभर बऱ्यापैकी ठरलेलं आहे. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, डोक्यावर छप्पर असलेली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, पाणी घरापासून ५०० मीटरच्या आत, दिवसाला २१०० कॅलरी. ही स्फिअर मानकं म्हणतात ती, आमच्या कामातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल. आणि ती अशीच कुणी टेबलावर बसून लिहिलेली नाहीत. १९९४ ला रवांडातून लाखो लोक काही दिवसांत शेजारच्या काँगोतल्या गोमाला पोचले, खाली सगळा ज्वालामुखीचा खडक, संडासाला खड्डा खणता येईना, कॉलरा पसरला आणि महिन्याभरात हजारोंनी माणसं गेली. त्यानंतर सगळ्या संस्थांना बसून किमान काय हवंच हे लिहून काढावं लागलं.

पण ही मानकं आणीबाणीसाठीची आहेत हो. खरी पंचाईत दुसऱ्या पावसाळ्यापासून सुरू होते. कॉक्स बाजारच्या कुतुपालोंग छावणीत टेकड्यांवर २०१७ च्या घाईत जो तो हातपंप आणि संडास खणत सुटला होता, पंप उथळ आणि संडास त्याला चिकटून, त्यामुळे पुढे पाणी तपासलं तर घाणीचे जंतू निघाले. मग तेच पंप बंद करा, खोल बोअर घ्या, टाकी टेकडीवर चढवा, नळ ओढा. संडासाचे खड्डे भरले की गाळ उपसून न्यायचा कुठे, तर गाडी जाईल एवढा रस्ताच नाही, मग पाइप टाकून उतारावरून खाली न्यायचा. लोकांना वाटतं मदत म्हणजे तांदळाची पोती, पण तिथे आमचं निम्मं आयुष्य गाळात जायचं.

घराचं बघा. पक्कं बांधायला सरकारची परवानगी नव्हती, म्हणजे विटा नाहीत, सिमेंट नाही, फक्त बांबू आणि ताडपत्री. घाईत आणलेला कच्चा बांबू, त्याला भुंगा लागतो, खांबावर हात फिरवला की पिठासारखा भुगा हातात येतो आणि वर बाई चूल पेटवून बसलेली असते, पोरं झोपलेली असतात. मग बांबू बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) पाण्यात मुरवून वापरायला लागले, तो जरा टिकतो. सरपणासाठी आजूबाजूचं जंगल पार बोडकं झालं होतं, २०१८ पासून घरोघरी गॅस सिलेंडर द्यायला लागले तेव्हा कुठे टेकड्या परत हिरव्या व्हायला लागल्या, आणि बायका-पोरांचं लांब जंगलात जाणं थांबलं. हा मला त्या सगळ्या काळातला सगळ्यात शहाणा खर्च वाटतो. पण बांबू-ताडपत्री तीच राहिली. मार्च २०२१ च्या आगीत १५ च्या आसपास माणसं गेली, ४५ हजारांच्या आसपास बेघर झाली, आणि पळताना काटेरी तारेचं कुंपण आडवं आलं.

तर तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं, की पैसे कमी पडतात हे शंभर टक्के खरं, पण दरवर्षी तेच छप्पर परत घालायला जो पैसा जातो तो "इथे राहायचं नाही" या नियमामुळे जातो.

कलम_३३

वरच्या उत्तराला पुढे नेतो. १९५१ चा निर्वासित करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल यात फक्त "जिवाला धोका आहे तिथे परत ढकलू नका" एवढंच नाहीये (ते कलम ३३, तेच लोकांना माहीत असतं), त्यात नोकरी करण्याचा, शाळेचा, फिरण्याचा हक्कही लिहिलेला आहे. अडचण अशी की बांगलादेशासारख्या अनेक देशांनी त्यावर सहीच केलेली नाही, आणि ज्यांनी केली त्यांतल्याही बऱ्याच जणांनी काम आणि फिरण्याची कलमं कागदावरच ठेवली. केनियाने सही केलेली आहे, तरी दादाबमधून बाहेर जायला वर्षानुवर्षं पास लागायचा.

निर्वासितांसाठी शेवटचे मार्ग तीनच मानले जातात. स्वखुशीने घरी परत, आहे त्या देशात रुजणं, नाहीतर तिसऱ्या देशात पुनर्वसन. रोहिंग्यांचं घेऊ. परत जायचं तर १९८२ च्या कायद्याने म्यानमारने त्यांना नागरिकच ठेवलं नाही, आणि आता त्यांच्या राखाइन प्रांतात पुन्हा युद्ध. रुजायचं तर काम करायला परवानगी नाही. तिसरा देश म्हणाल तर जगभरातल्या निर्वासितांपैकी एका वर्षात एक टक्काही तिथे पोचत नाहीत. मग उरतं काय, छावणी आणि रेशन.

आता उलटं उदाहरण. युक्रेनमधून लोक निघाले तेव्हा युरोपियन युनियनने २००१ मधे करून ठेवलेला आणि तोवर कधीच न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा ४ मार्च २०२२ ला लागू केला. राहायची परवानगी, काम, शाळा, डॉक्टर, सगळं एकदम. लाखो माणसं आली, पण दादाबसारखं काही उभं राहिलं नाही. तीच युरोपियन युनियन, आणि त्याआधी ग्रीसमधे मोरियाच्या छावणीत लोक चिखलात वर्षानुवर्षं अर्जाच्या निकालाची वाट बघत होते, २०२० मधे ती छावणी जळाली. म्हणजे जमतं. कुणासाठी जमवायचं ते सरकारं ठरवतात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

युगांडा श्रीमंत नाही तरी २००६ च्या कायद्याने तिथे निर्वासिताला काम करता येतं, फिरता येतं, वस्तीत कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. तिथे आज पंधरा लाखांवर निर्वासित आहेत.

सीमेजवळचा

दोघांचंही पटलं पण एक बाजू राहून जातेय. कामाची परवानगी द्या म्हणणं लांबून सोपं आहे. जगातले साधारण दोन-तृतीयांश निर्वासित शेजारच्याच देशात राहतात आणि तो शेजारी बहुतेक वेळा गरीबच असतो. कॉक्स बाजार जिल्ह्यात उखिया आणि टेकनाफला स्थानिक माणसं एकदम अल्पसंख्य झाली, मजुरी पडली, बाजारातले भाव वाढले, ज्या जंगलातून ते लाकूडफाटा आणायचे ते गेलं, आणि वरून मदतीच्या गाड्या त्यांच्या दारावरून पुढे छावणीत जाणार. त्यांचा राग खोटा नाही. त्याला द्वेष म्हणून उडवून लावलं की मग तोच राग वापरणारे पुढारी तयारच असतात. आणि युगांडाचं कौतुक ऐकून कंटाळा आलाय, तिथेही माणसं वाढली तसे जमिनीचे तुकडे लहान होत गेले आणि रेशन कापलं गेलंच ना.

कलम_३३

दादा, बरोबर आहे, आणि म्हणूनच युगांडाचा दुसरा नियम सांगायला हवा होता. तिथे मदतीतला साधारण ३० टक्के वाटा आसपासच्या स्थानिकांसाठी खर्च करायचा असं धोरण आहे, म्हणजे शाळा बांधली तर दोघांची मुलं, दवाखाना उघडला तर दोघांची रांग. त्यामुळे सगळं गोड आहे असं नाही, पैसे आटले की तेही कोलमडतं, तेच तर झालं. जॉर्डनने २०१६ मधे करार केला की सिरियन लोकांना दोन लाखांपर्यंत रोजगार खुले करू, बदल्यात युरोपने व्यापारात सवलत आणि स्वस्त कर्ज द्यायचं. परवाने मिळाले पण मुख्यतः शेती, बांधकाम, कारखाने एवढ्यातच, डॉक्टर-इंजिनियर तसेच बसून राहिले, बायकांना तर फारच कमी मिळाले. पण दिशा मला तीच बरोबर वाटते, यजमान देशाला बोजा वाटून घेणारे पैसे लांबच्या मुदतीचे द्यायचे आणि त्याबदल्यात माणसांना हातपाय हलवू द्यायचे. दर वर्षी नव्याने वाडगा पुढे करायला लावायचं आणि वर म्हणायचं यांना कायम ठेवून घ्या, असं कुठलाही देश ऐकणार नाही.

जलसंजीवनी

यात मला १९७१ आठवतं. पूर्व पाकिस्तानातून भारतात कोटीच्या घरात माणसं आली होती आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा. सलाइन संपलेलं, लावायला शिकलेली माणसं नाहीत, रुग्ण जमिनीवर एकमेकांना खेटून. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा ठरलेल्या मापात मिसळून पुड्या भरून घेतल्या, ते पिंपात कालवलं, पिंपाला तोटी लावली आणि रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात पेला दिला, पाजत राहा म्हणून. मृत्यूचं प्रमाण २०-३० टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. तोवर डॉक्टर लोकांना वाटायचं हे घरच्यांना जमणार नाही. जमलं, आणि नंतर ते जगभर गेलं.

सुदानमधेही आज असंच लोकांच्याच हातांवर चाललंय. एप्रिल २०२३ ला युद्ध पेटल्यावर मोठ्या संस्थांना खार्तुम, दारफुरमधे शिरताच येईना, तेव्हा गल्लीतल्या पोरापोरींनी आपत्कालीन मदत गट काढले, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, लोकांना बाहेर काढलं. आणि पैसे? २०१६ मधे इस्तंबूलला मोठ्या देणगीदारांनी मान्य केलं होतं की २०२० पर्यंत मदतीतला २५ टक्के पैसा जमेल तितका थेट स्थानिक गटांना देऊ, एकूण मदत त्याच्या जवळपासही पोचली नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा यांची शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. ऑगस्ट २०२४ मधे झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झालेला देश आहे हा.

शर्वरी_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप गोष्टी जागच्या जागी बसल्या. सरकारी परवानगी हाच मुख्य अडसर असेल तर साध्या माणसाने काय करायचं? आमच्या ग्रुपमधे कपडे आणि औषधं गोळा करायचं चाललंय, ते थांबवू का?

पाणी_आणि_गाळ

हो ताई, थांबवा, आणि राग मानू नका. न मागितलेले कपडे आणि औषधं बंदरात, विमानतळावर जागा अडवतात, ती वेगळी काढायला माणसं लागतात, औषधांची लेबलं तिथल्या नर्सला वाचता येत नाहीत, मुदत संपलेली निघाली तर ती नष्ट करायलाही खर्च. त्याच पैशात तिथल्याच बाजारातून तिथल्या मापाचं मिळतं. वस्तू वाटल्या की काय होतं ते मी पाहिलंय, एका घरात डाळीची चार पाकिटं आणि साबण नाही, मग बाई ती डाळ छावणीबाहेर निम्म्या भावात विकून साबण आणि पोराचं औषध आणते. तेच हातात रोख किंवा कार्ड दिलं की तिचं तीच ठरवते. जॉर्डनमधे तर २०१६ पासून छावणीतल्या दुकानात डोळ्याची बुबुळं स्कॅन करून पैसे चुकते व्हायला लागले. (त्या माहितीचं पुढे कोण काय करणार हा वेगळा आणि गंभीर धागा आहे, कुणीतरी काढा.)

गोळा केलेले पैसे द्याल तेव्हा "अमुकच कामासाठी" अशी अट घालू नका. आगीच्या किंवा पुराच्या बातमीनंतर सगळे ताडपत्रीसाठी देतात आणि गाळ उपसायला कुणी देत नाही. आणि शक्य असेल तर बातम्यांत आता न दिसणाऱ्या ठिकाणासाठी द्या, चाडच्या सीमेवर आद्रेला दारफुरमधून लोक अजून येतायत.

जलसंजीवनी

आणि गोळा केलेली औषधं फेकू नका, मुदत बघून जवळच्या धर्मादाय दवाखान्यात विचारा, त्यांना चालत असतील तरच द्या. सुदानच्या गटांना पैसे पोचवणाऱ्या एक-दोन संस्थांचे हिशेब मी वाचतेय, वाचून झालं की नीट माहिती इथेच टाकते.