पीओए (ॲडमिशनच्या वेळीच होतं का) वाय (हो) की एन (नाही)? सहापर्यंत रिबटल (एररवर उत्तर) द्यायचंय, मदत हवी आहे

ऐरोलीकरीण: मेडिकल कोडिंगचा इनपेशंट चार्ट, बेडसोअर (पडून राहून होणारी जखम). मी वाय दिला, क्यूएने (काम तपासणाऱ्याने) एरर मार्क केला. म्हणे डॉक्टरांच्या नोटमध्ये दुसऱ्या दिवशी आलं, म्हणून एन. पेशंट घरून आलाय, एका रात्रीत एवढी जखम होते का? गाइडलाइनमधली नेमकी ओळ सांगा, प्लीज.

जुना_कोडर: स्टेज (जखम किती खोल)? जागा? ॲडमिशनची ऑर्डर किती वाजता? हे न लिहिता काय सांगणार?

ऐरोलीकरीण: सेक्रम (माकडहाडाच्या वरचा भाग), स्टेज ३, कोड एल८९.१५३. रात्री ईआरला (इमर्जन्सीला) आला, ऑर्डर पहाटे ४ ला.

महापे_नाइट: क्यूएचं चुकलंय. गाइडलाइनचं अपेंडिक्स वन वाच. डॉक्टरने किती वेळात नोंद करावी याला मुदतच नाही. ईआरमध्ये झालेलंसुद्धा वाय.

जुना_कोडर: मुदत नाही, पण जखम येतानाच होती हे डॉक्टरच्या नोंदीतून कळायला हवं. अंदाजाने वाय देत नाहीत. डॉक्टरला क्वेरी (लेखी प्रश्न) टाक.

कोपरी_पूर्व: मेडिक्लेमलाही हाच त्रास. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने, पूर्वी ४८ होता. पॉलिसी नीट वाचा.

महापे_नाइट: दादा, हे अमेरिकेचे चार्ट आहेत. मेडिक्लेमचा संबंध नाही.

वॉर्डताई: १४ वर्षं वॉर्डात काढली. पेशंट आला की कुशीवर वळवून पाठ बघतोच. नर्सिंग असेसमेंट उघडलंस का गं?

ऐरोलीकरीण: आत्ता उघडलं. पहाटे ५:१०, सेक्रम स्टेज २, ३ बाय २ सेंमी. स्टेज ३ पाचव्या दिवशी आहे.

जुना_कोडर: हे आधी सांगायचंस! मग दोन कोड. एल८९.१५२ वाय, एल८९.१५३ एन.

महापे_नाइट: आम्हाला वरची स्टेज एकच, वाय, असं शिकवलंय.

जुना_कोडर: तो जुना नियम, बदलला. स्टेज ३ एन म्हणजे एचएसी, हॉस्पिटलमध्येच झालेला त्रास. १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) त्याचे जादा पैसे देत नाही, म्हणून तर वाय इतका जपून द्यायचा. स्टेज नर्सच्या नोटवरून चालते. अल्सर येतानाच होता, हे मात्र डॉक्टरकडून क्वेरीने लिहून घे.

ऐरोलीकरीण: म्हणजे क्यूए आणि मी, दोघंही अर्धे चुकलो. रिबटलमध्ये दोन्ही कोड टाकते, क्वेरीही लिहिते.

वॉर्डताई: दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद आहे का त्यात?

ऐरोलीकरीण: तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीचे रकाने कोरे आहेत, ताई.