मदत हवी आहे: दिवंगत मामांची एमएच-०९ (कोल्हापूर नोंदणीची) गाडी निपाणीत माझ्या नावावर आणताना कागदपत्रांचा क्रम कसा ठेवावा?

नमस्कार. मी निपाणीत राहतो. माझ्या मामांची गडहिंग्लज येथील २०१८ सालची वॅगन आर माझ्या नावावर करून कर्नाटकात आणायची आहे. मामांना जाऊन आता दोन महिने होत आले. मामींना गाडी चालवता येत नाही, दोघी मुली लग्नानंतर पुण्याला आणि फोंड्याला असतात, आणि गाडी बाहेरच्या माणसाला देण्यापेक्षा ती घरातच राहावी अशी तिघींची इच्छा आहे. माझ्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. दर वेळी भाड्याची गाडी करणे परवडेनासे झाल्यामुळे मामींनी स्वतःहून हा विषय काढला. गाडीची रास्त किंमत मी त्यांना देणार आहे.

संकेश्वरमार्गे गडहिंग्लज जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे, परंतु कागदोपत्री गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते आणि तिचे मालक हयात नाहीत. या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे मुदतींचा मेळ बसवणे मला अवघड जात आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. तसे कळवल्यास ती गाडी वारसाला ३ महिन्यांपर्यंत वापरता येते आणि त्याच ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. मामींच्या धाकट्या जावयांनी २६ व्या दिवशी पोस्टाने कळवले असून त्याची पोचपावती जपून ठेवली आहे. विम्याचेही तसेच आहे. पॉलिसी मृत्यूबरोबर लगेच संपत नाही, पण ३ महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंतच ती लागू राहते. म्हणजे माझ्या हातात जेमतेम महिनाभर उरला आहे. वापरण्याची सवलत वारसाला आहे, मला नाही, म्हणून गाडी मी अजून निपाणीत आणलेली नाही. ती मामांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे.

एका एजंटाने मला सोपा मार्ग सुचवला. फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलण्याच्या अर्जांवर, जुनी तारीख घालून मामांची सही करायची, मृत्यूचा उल्लेखच करायचा नाही आणि सरळ विक्री दाखवायची. गेलेल्या माणसाच्या नावाने खोटी सही करणे मला कदापि मान्य नाही. मामींनाही मी हे स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे कृपया तो मार्ग कोणी सुचवू नये.

माझ्या समजुतीप्रमाणे क्रम असा आहे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) अजून बँकेचा बोजा दिसतो. कर्ज फिटले आहे, पण मामांनी एचपी (कर्जाच्या बोजाची नोंद) काढून घेतली नव्हती. म्हणून आधी बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवायचा, मग फॉर्म ३१ ने गाडी मामींच्या नावावर करायची, त्यानंतर मामींनी फॉर्म २८ भरून कोल्हापूरहून एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घ्यायची आणि शेवटी चिक्कोडीच्या आरटीओमध्ये फॉर्म २९, ३० आणि नव्या क्रमांकासाठीचा फॉर्म २७ देऊन माझे नाव व चिक्कोडीचा केए-२३ क्रमांक घ्यायचा. एनओसीच्या अर्जावर ३० दिवसांत नकार कळवला नाही तर ती दिली असे कायदा मानतो, परंतु असे मानलेले प्रमाणपत्र खिडकीवर दाखवायचे कसे? म्हणून हातात कागद आल्याशिवाय पुढे जाण्याचा माझा विचार नाही.

माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की, फॉर्म ३५ आणि फॉर्म ३१ कोल्हापूरला एकाच दिवशी स्वीकारले जातात का, की बोजा उतरल्याची नोंद होईपर्यंत थांबावे लागते? मधला टप्पा गाळून मामांच्याच नावाची एनओसी घ्यावी आणि वारसाचे काम चिक्कोडीला करावे, असे एका परिचितांनी सुचवले. मला ते पटत नाही. वारसाचे प्रतिज्ञापत्र आणि मुलींची संमतीपत्रे मराठीत आहेत, ती कोल्हापूरला विनासायास वाचली जातील. शिवाय मामांनी महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करापैकी उरलेल्या वर्षांचा परतावा मामींनाच मिळायला हवा, आणि त्यासाठी आरसीवर त्यांचे नाव असणे सोयीचे ठरेल असे मला वाटते. यात माझी काही चूक होत असल्यास अवश्य सांगावे.

दुसरा प्रश्न अर्जाला जोडायच्या चासी नंबराच्या (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाच्या) ठशाचा. गेल्या रविवारी मी नंबरावर पेन्सिल फिरवून त्यावर चिकटपट्टी दाबून ठसा घेतला. तीन वेळा घेऊनही शेवटचे दोन आकडे गंजामुळे पुसट आले. पॉलिश पेपरने जागा घासण्याचा धीर झाला नाही, कारण उद्या खाडाखोडीचा संशय नको. अशा वेळी निरीक्षकांना प्रत्यक्ष गाडी दाखवणे पुरेसे होते का?

तिसरा प्रश्न कराचा. कर्नाटकात नव्या मोटारीला ५ लाखांपर्यंतच्या किमतीवर १३ टक्के आणि ५ ते १० लाखांपर्यंत १४ टक्के आजीवन कर आहे. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला तो वयाप्रमाणे कमी होत जातो. मामांची गाडी नेमकी या ५ लाखांच्या सीमेवरची आहे आणि शोरूमचे मूळ बिल सापडत नाही. अशा वेळी चिक्कोडीला किंमत कशावरून धरतात, हे तेथे नुकतीच गाडी आणलेल्या कोणी सांगितल्यास मी आभारी राहीन.

मामांचे सिम बंद पडू नये म्हणून मी त्यावर रिचार्ज केला आहे, कारण परिवहन या सरकारी पोर्टलच्या नोंदीत तोच क्रमांक आहे आणि ओटीपी तेथेच येतो. फोन मामींच्या कपाटात चार्ज करून ठेवलेला असतो. आरसीवर नॉमिनीचे नाव देण्याची सोय २०२१ पासून आहे. मामांनी ती घेतली असती तर मामींची बरीच धावपळ वाचली असती, म्हणून ज्यांच्या घरात गाडी आहे त्यांनी ते नाव जरूर नोंदवून घ्यावे.

पुढच्या मंगळवारी मामी, दोघी मुली आणि मी कोल्हापूरच्या कार्यालयात जाणार आहोत. फोंड्याच्या ताईंना एकाच दिवसाची रजा मिळाली आहे, तेव्हा त्यांची सही लागणारा प्रत्येक कागद त्याच दिवशी पूर्ण व्हायला हवा. वर न आलेला एखादा कागद लागत असल्यास कृपया सोमवारपर्यंत कळवावे.